ओलं कार्ड

चूक माझी होती. दीड महिन्याच्या बाळाच्या टाचेतून एचआयव्ही तपासणीसाठी कागदी कार्डावर घेतलेलं रक्त सुकण्याआधीच मी ते कार्ड पाकिटात भरलं, कारण टपाल निघणार होतं. मोठ्या प्रयोगशाळेने नमुना बाद केला. बाळाच्या आईला मी सांगितलं, “बाळ हललं, म्हणून नमुना बिघडला.”

आज तिने तो इवला पाय दोन्ही हातांनी आवळून धरला. “या खेपेला हलू देत नाही, साहेब.” तिच्या बोटांखाली टाच पांढरी पडली होती. महिनाभर ही बाई स्वतःलाच दोष देत राहिली. संताप आला मला स्वतःचा. आमचं खोटं नेहमी अशाच माणसांपुढे खपतं, जी आधीच घाबरलेली असतात.

मी सुई खाली ठेवली. “ताई, पाय सैल सोडा. बाळ हललं नव्हतं. कार्ड मी ओलं भरलं. मला माफ करा.”