पळणाऱ्या गाडीचं ऑइल

गाडी आली की मामा बॉनेटकडे बघत नसत. आधी गाडीखाली सरकत, गिअरबॉक्समधलं थोडं जुनं ऑइल बोटावर घेत, अंगठ्याने चोळत, मग उन्हात धरत. मालक बोलायला लागला की म्हणत, "तुम्ही थांबा वाईच. आधी हिला बोलू द्या."

शिरूरहून चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, न्हावऱ्याच्या अलीकडे त्यांचं गॅरेज होतं. वर पत्रा, पुढे कडुनिंब. नावाची पाटी नव्हती. मी तेव्हा एका वर्तमानपत्रासाठी दौंड आणि शिरूर तालुक्यांच्या बातम्या पाहत असे. पुण्यातल्या शर्यतीत पळवायच्या गाड्या वाट वाकडी करून इथे का येतात, हे बघायला एकदा थांबलो आणि पुढे थांबतच राहिलो.

त्यांचे नियम थोडे होते. ब्रेक ऑइलचा डबा एकदा उघडला की उरलेलं दुसऱ्या गाडीला नाही. "हवेतलं पाणी पितं ते. वेगात ब्रेक दाबला की उकळतं, आन् पाय खाली जातो." रेडिएटरला बोअरचं पाणी नाही, कारण आमच्याकडच्या बोअरच्या पाण्याने चहाच्या पातेल्यातही पांढरा थर बसतो. आणि काम झालं की बॉनेटच्या आतल्या बाजूला ते ब्रशने मराठीत लिहीत: कोणतं ऑइल, किती लिटर. पुण्यातले मालक ते मित्रांना बॉनेट उघडून दाखवत.

सगळ्यात जास्त वाद गिअर ऑइलवर होत. डब्यावरचा आकडा मोठा म्हणजे ऑइल भारी, अशी समजूत तुम्हीही ऐकली असेल. मामा म्हणत, "परीक्षेचे मार्क हायत का ते?" मग एक झिजलेली पितळी रिंग समोर ठेवत. गिअर बदलताना दोन चाकांचा वेग जुळवायचं काम ही रिंग करते. चुकीचं जहाल ऑइल तिचं पितळ खातं. ऑइल फार घट्ट असलं, तर तिला पकडच घेता येत नाही.

केडगावच्या प्रतीक्षाची गाडी त्यांनीच तयार केली होती. घरची भाजीपाल्याची शेती, जुनी छोटी गाडी, आणि शिरूरजवळच्या माळावर मातीतली शर्यत. एकेक गाडी सोडायची, वेळ मोजायची. तिची ही पहिलीच शर्यत होती. आदल्या दिवशी सकाळी ती वडिलांना घेऊन गॅरेजवर आली. गॅरेजवर चार गिऱ्हाइकं होती.

"मामा, तिसरा गिअर करकरतोय. तुम्ही काय घातलंय हिच्यात? उद्या शर्यत हाय माझी!"

मामा गाडीखाली गेले. बाहेर आले तेव्हा बोट काळपट, घट्ट ऑइलने माखलं होतं. "हे मी घातलेलं न्हाई."

"समदे मेकॅनिक असंच म्हंत्यात," एक गिऱ्हाईक हसून म्हणालं.

मामांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. ते प्रतीक्षाच्या वडिलांकडे वळले. "आप्पा, ट्रॅक्टरच्या डब्यात आईल किती उरलंय?"

"ट्रॅक्टरचं काय मधीच?" आप्पा कडुनिंबाकडे बघत म्हणाले.

"आप्पा!" प्रतीक्षा ओरडली.

"आगं, गोठ्यापाशी उतारावर गाडी हुती. बूच उघडून बघितलं, तर कमी दिसलं." आप्पांचा आवाज खाली आला. "पोरगी पळवायची म्हणलं. ट्रॅक्टरला घालतो ते दांडगं आईल हाय, म्हणून वाईच वतलं."

मामांनी आप्पांना बसायला खुर्ची दिली.

"उतारावर कमीच दिसणार. आन् दांडगं हाय, खरं हाय. पर ट्रॅक्टर वझं वढतो, आप्पा. हिला पळायचंय. एवढं इचारायचं तर खरं."

"व्हय. चुकलं," आप्पा म्हणाले.

दुपारपर्यंत मामांनी ते ऑइल काढलं, ताजं घालून थोडी गाडी फिरवली, तेही काढलं, आणि पुन्हा नवं भरलं. मधे भरलेलं ऑइल नवं असूनही त्यांनी ते ओतून दिलं, कारण त्यात ट्रॅक्टरच्या ऑइलचा अंश आला होता. प्रतीक्षाला म्हणाले, "उद्या आधी सावकाश फिरव. आईल गरम होऊ दे, मग पाय दे."

शर्यतीच्या वेळी मामा माळाकडे पाठ करून, फक्त कान देऊन उभे होते. गाडी सुटली. दुसरा गिअर पडला, तिसरा पडला, पुन्हा दुसरा. एकदाही करकर आली नाही. आप्पा शेजारी उभे होते. ते गाडी सोडून मामांचाच चेहरा बघत होते.

प्रतीक्षा दुसरी आली. पहिल्या आलेल्याची गाडी ट्रकवर चढवून आणलेली होती. ही स्वतःच्या चाकांवर आली होती आणि तशीच घरी जाणार होती. आप्पा भेटेल त्याला सांगत सुटले, "मामांचं आईल हाय!" मामांनी त्यांना थांबवलं.

"गाडी पोरीनं पळवली. आईल निस्तं आडवं आलं न्हाई."

असं नेमकं वाक्य मला बातमीतही क्वचित लिहिता आलं. मी ते जसंच्या तसं छापलं. मामांनी कात्रण मागितलं नाही, पण पुढच्या खेपेला गेलो तेव्हा चहा त्यांनी स्वतः केला.

गेल्या हिवाळ्यात मामा गेले. गॅरेज बंद झालं. काही आठवड्यांनी आप्पांचा फोन आला.

"पोरीची परत शर्यत हाय. डबा आणलाय, बॉनेटवर लिवलंय त्योच. पर तिला म्हणलं, थांब, इचारल्याबिगर वतायचं न्हाई. आता इचारू कुणाला?"

दोन्ही तालुक्यांतली गॅरेजं मला माहीत होती. पण ऑइल बोटावर घेऊन उन्हात धरणारं त्यांत कुणी नव्हतं. "बॉनेटवरचं वाचा, मग डब्यावरचं," मी म्हणालो, आणि आप्पा एकेक अक्षर वाचू लागले.