दादा सगळ्यांसमोर बोलला

आज दुपारी कुरुंद्याला माहेरी जे घडलं, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना.

दादा-वहिनीच्या लग्नाला बरीच वर्षं झाली, पण अजून लेकरू नाही. आज मावशी आली होती. जेवताना ती वहिनीला म्हणाली, "एकदा चांगल्या डॉक्टरला दाखव की. काहून टाळून राहिली?" वहिनी खाली मान घालून वाढत राहिली.

दादानं हातातला घास ताटात ठेवला. "मावशी, तिचं सगळं बराबर हाय. तकलीफ माझ्यात हाय."

मग त्यानं सगळंच सांगितलं. अंग भरावं म्हणून जिममधल्या एकाच्या सांगण्यावरून तो टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेत होता. बाहेरून असं हार्मोन मिळालं की शरीरात शुक्राणू बनणं कमी होतं, हे त्याला नांदेडच्या डॉक्टरांकडून कळलं. आता इंजेक्शनं बंद आहेत, उपचार सुरू आहेत. सुधारणा होऊ शकते, पण खात्री नाही.

बाबा चिडले. "हे चारचौघांत काहून सांगून राहिला?"

"तिला चारचौघांतच बोलणी बसतात ना, बाबा."

मावशी उठली, वहिनीच्या हातातलं पातेलं घेतलं आणि म्हणाली, "बस माय तू. मी वाढते."

वहिनीला रडू आवरेना. मला माझ्या भावाचा एवढा अभिमान कधीच वाटला नव्हता.

हल्ली गावोगावच्या जिममध्ये पोरं तपासणी न करताच ही इंजेक्शनं घेतात म्हणे. तुमच्या घरातलं कुणी घेत असेल, तर तुम्ही त्याला विचाराल का?