पेटीला कान लावणारे अण्णा

"थांबा जरा, ऐकू द्या." एवढं म्हणून अण्णा गाडीच्या मागच्या कप्प्यातल्या लोखंडी पेटीवर तळहात टेकवायचे आणि मान तिरकी करून तिला कान लावायचे. डोळे मिटलेले. बाहेर रांगेत पेशंट ताटकळत, डॉक्टर घड्याळ बघत, मी बीपीचं यंत्र हातात घेऊन उभी. अण्णांचं ऐकून झाल्याशिवाय आमच्या फिरत्या दवाखान्यात एकही दिवा लागायचा नाही.

अण्णा आमचे ड्रायव्हर. बिदरहून निघून औराद, हुमनाबादकडची खेडी करायची, हे आमचं काम. गावात पोचलं की शाळेतून नाहीतर देवळातून वायर ओढून वीज घ्यायची. ती गेली की गाडीतला जनरेटर लावायचा. ती पेटी म्हणजे चेंजओव्हर. गावची वीज आणि जनरेटरची वीज यांपैकी एका वेळी एकच आत घ्यायची, दोन्हींची गाठ पडू द्यायची नाही, एवढंच तिचं काम. आमची पेटी मात्र काम करताना गुणगुणायची, डब्यात भुंगा कोंडल्यासारखी.

आम्हाला त्या आवाजाची सवय झाली. घरातल्या पंख्याच्या कुरकुरीची तुम्हालाही होतेच की. अण्णांना होत नव्हती. कुठल्या गावात ती जास्त गुणगुणते, कुठे कमी, हे ते ताडून बघायचे. गावात व्होल्टेज कमी असलं की आतलं चुंबक पट्टी घट्ट ओढून धरत नाही, मग ती थरथरते, असं त्यांनी मला समजावलं होतं. पण पुढे जनरेटरवरही आवाज येऊ लागला. तेव्हा एका दुपारी सगळं बंद करून, वायर काढून त्यांनी पेटी उघडली. आत लाल मातीचा थर. ब्रशनं तो झाडला, ढिले स्क्रू आवळले. आवाज निम्मा झाला. आम्ही खूश झालो. अण्णा म्हणाले, "कमी झालाय. गेला न्हाई."

एका गावातल्या म्हातारीनं त्यांना असं डोळे मिटून उभं राहिलेलं पाहिलं आणि आत देव आहे का, असं मला हळूच विचारलं. मी हसले. परत येऊन पाहते तर पेटीवर हळदकुंकू. अण्णांनी ते पुसलं नाही.

मग चिंताकी गावातला तो दिवस आला.

शाळेतून वायर घेतली होती, तपासणी चालू होती. मधेच वीज गेली. शाळेसमोरच्या खांबावर काम होतं, म्हणून लाइनमननं ती बंद केली होती आणि तो वर चढत होता. अण्णा हापशावर पाणी भरायला गेले होते. मी नेहमीप्रमाणे जनरेटरची चावी फिरवली. जनरेटर लागला, पण एकदम दबून, चढावर अडकलेल्या ट्रॅक्टरसारखा घरघरायला लागला. आणि शाळेच्या व्हरांड्यातला पंखा हळूहळू फिरायला लागला.

गावात वीज नव्हती. पंखा फिरत होता. मला त्याचा अर्थ लागेपर्यंत अण्णा कळशी टाकून धावत आले होते. त्यांनी आधी जनरेटर बंद केला, मग शाळेतली वायर उपटली आणि खांबाखाली जाऊन वर बघत अगदी मऊ आवाजात म्हणाले, "खाली ये, बाबा. तारंला हात लावू नको. हळू ये."

लाइनमन कमरेचा पट्टा बांधत होता. त्याचा हात अजून तारेपर्यंत गेला नव्हता.

पेटीतली गावाकडची पट्टी चिकटून बसली होती, सुटलीच नव्हती. दोन्ही एकदम लागू नयेत म्हणून आत अडसर असतो, तोही झिजला होता. आमच्या जनरेटरची वीज शाळेतून उलटी खांबावर जात होती. अण्णांनी त्या पोराला हे सगळं नीट सांगितलं आणि तार अर्थिंगला बांधल्याशिवाय वर चढायचं नाही, असं बजावलं. तो म्हणाला, "व्हय अण्णा, घाईत राह्यलं." पाणी प्यायला, पुन्हा कामाला लागला. वर चढण्याआधी त्याचं बीपी मी तपासलं, नॉर्मल होतं. अण्णांचं तपासायला गेले तर ते टाकलेली कळशी उचलून पुन्हा हापशाकडे निघाले होते.

परतताना त्यांनी रस्त्याकडेला लिंबाखाली गाडी थांबवली. डॉक्टर मागे डोळे मिटून बसले होते. अण्णा समोरच्या काचेकडे बघत बोलले. ते आधी ठेकेदाराकडे लाइनवर कामाला होते. मल्लू नावाचा जोडीदार होता. आळंदच्या बाजूला एका खेड्यात लाइन बंद करून मल्लू वर चढला, अण्णा खाली दोर धरून. गावात लग्न होतं. लग्नघरानं चेंजओव्हर न लावता जनरेटर थेट घरच्या वायरिंगला जोडला होता. मल्लूनं तार धरली ती सोडलीच नाही.

"आवाज कानावर आला होता, सिस्टर," अण्णा म्हणाले. "म्या म्हणलं, लग्नघर हाय, जनरेटर वाजायलाय. वाजू दे."

त्यानंतर ते कधी खांबावर चढले नाहीत.

आठवड्याभरात बिदरजवळच्याच कोळारच्या एका वर्कशॉपमध्ये नवी पेटी बसवली. ती जराही आवाज करत नव्हती. आम्हाला वाटलं, आता अण्णा निवांत होतील. झालं उलटंच. ते आणखी वेळ कान लावून उभे राहू लागले. एकदा मी विचारलं, आता कामून? तर म्हणाले, "गप बसलीया. आत काय करायलीय, कळंना." पुढे गाडी बंद असली तरी त्यांना गुणगुण ऐकू येऊ लागली. डॉक्टरांनी कान तपासले, कान उत्तम होते. बिदरच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेतो म्हणाले, तर अण्णा नुसते हसले. उन्हाळ्यात त्यांनी काम सोडलं आणि दिवाळीच्या सुमारास ते गेल्याचं कळलं. झोपेतच गेले.

मी हळ्ळीखेडला त्यांच्या घरी गेले. अक्का, म्हणजे त्यांच्या बायको, शांत होत्या. ओसरीवर एक फार म्हातारी बाई भिंतीला टेकून बसली होती, डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. मला वाटलं, अण्णांची आई. अक्का हलक्या आवाजात म्हणाल्या, "ह्येंची न्हाई. मल्लूची."

मल्लू गेल्यावर म्हातारीला बघणारं कोणी नव्हतं, म्हणून अण्णांनी तिला घरी आणलं होतं. पुढे तिची नजर गेली, मग आठवण गेली. ती अण्णांनाच मल्लू म्हणू लागली. "ह्येनी एकदाबी मी तो न्हवं म्हणलं न्हाई," अक्का म्हणाल्या. "हाक मारली की ओ द्यायचे."

जेवणवेळ झाली. अक्कांनी म्हातारीपुढे ताट ठेवलं, भाकरी आमटीत कुस्करून दिली. म्हातारीनं ताट हातानं चाचपलं आणि बाजूला सारलं.

"मल्लू येऊ दे," ती म्हणाली.

अक्का तिच्याजवळ बसल्या. ताट पुन्हा पुढे ओढलं.

"आलाय," त्या म्हणाल्या. "हातपाय धुवायलाय. तू जेव."

म्हातारीनं पहिला घास घेतला.