पिल्लाचा आवाज

हे मी आजवर कुणाकडे बोललो नाही — बायकोकडेही नाही. आता सांगतोय ते मन हलकं होईल म्हणून नाही. गप्प राहायचाच कंटाळा आलाय.

माझा मामा खाडीकाठच्या राहनाळ गावचा. कोल्ह्याला हाक मारावी ती त्यानंच. तरुणपणी शिकार करायचा. पुढे बंदूक सुटली, हाक राहिली. रात्री खाडीकडे तोंड करून कुई दिली की पलीकडून उत्तर यायचं. दिवसा कोल्हा कुईला फसत नाही. दिवसा झुडपात बसून मनगटाला ओठ लावायचे आणि घायाळ सशासारखं किंचाळायचं — तेव्हा कुठे एखादा वारा हुंगत येतो. सगळं त्यानं मला शिकवलं. फक्त कोल्हीच्या पिल्लाचा आवाज शिकवला नाही. त्या आवाजाला आई येतेच, दिवस असो की रात्र. तो मी चोरून उचलला. एकदा मामानं ऐकलं आणि असा कान पिळला, की काय सांगू. मामाला तो आवाज येतो हे गावाला ठाऊक होतं. मला येतो हे फक्त मामाला.

मी शेजारच्याच दापोड्याच्या गोदामात कामाला. आमचा सुपरवायझर हौशी, बंदूक बाळगणारा. "मामा को आता है, तुझे क्या आता है?" — एवढंच म्हणाला तो. एवढ्यावर माणूस घसरतो का? मी घसरलो.

भर दुपारी आम्ही दोघं गोदामामागच्या झुडपात बसलो. सशाच्या आवाजाला कुणी आलं नाही. तो हसला. मग मी — मग मी पिल्लाचा आवाज काढला.

ती पळत आली. लपली नाही, वारा घेतला नाही. सड दुधानं भरलेले. त्यानं बार काढला.

दुभती कोल्ही मेलेली सापडली, तसं गावानं मामाचं नाव घेतलं. दुसरं कुणाचं घेणार? वनखात्याची माणसं त्याला घेऊन गेली. मी तोंडात मूग धरून बसलो. नोकरीची भीती होती, तुरुंगाची होती — मामाच्या नजरेची त्याहून जास्त.

पुराव्याअभावी सोडलं त्याला. नाव मात्र चिकटलं. हळदीला गेला तरी पोरं पाठीमागे कुई करायची. मी भेटायला गेलो तेव्हा मामी चहा ठेवून आत गेली, आणि मामानं हळूच विचारलं, "भर दिसा आली ना रं ती?"

"मला काय ठाऊक, मामा?"

"चा घे. थंड होतो हाय."

पुन्हा कधी विचारलं नाही. हाकही मारली नाही. संध्याकाळी खाडीकडून कोल्हे ओरडले, की उठून खिडकी लावून घ्यायचा.

मामा गेला. तेराव्याच्या पंगतीतही कुणीतरी कोल्हीचा विषय काढला. मी भात वाढत होतो. वाढत राहिलो.

आली होती, मामा. दिसाच आली. मीच बोलावली तिला.