खंडेनवमीचं नेटवर्क

तळेगावचा कैलास ऑफिसांतली बंद पडलेली नेटवर्क दुरुस्त करतो. दसऱ्यानंतर त्याला मान वर करायला फुरसत नसते. यंदा लोणावळ्यातल्या आमच्या बंगले-बुकिंगच्या ऑफिसात पाचही कॉम्प्युटर एकमेकांना ओळखेनात. मॅनेजर इंदिराताईंनी आधी केबलवाल्याला दोष दिला, मग खंडाळ्याच्या धुक्याला. कैलासनं नेटचा डबा उतरवला आणि उलटा करून ठोकला. टेबलावर हळद, कुंकू आणि अक्षता सांडल्या.

"मॅडम, खंडेनवमीला पूजा वरून करा. वायरीच्या भोकांत काही वाहू नका."

ताईंनी मान डोलावली. दहा मिनिटांत सगळं सुरू झालं. पुन्हा बंद पडू नये म्हणून ताईंनी लगेच करंडा आणला. आधी कैलासला कुंकू लावलं, मग डब्याला.