तोंड मोजलं, पोट राहिलं

बसा, चहा येतोय. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण या भानगडीत माझी अक्कल भिंतीला भोक पाडून पलीकडे गेली असली, तरी शेवटी जिंकलो मीच!

मी अमरावतीला शाळेत विज्ञान शिकवतो. माझ्या मुलीचं, मीनलचं, लग्न अकोल्याला जुळलं. मुलाचं घर बघायला गेलो तर होणारे व्याही सोफ्यावर बसल्या बसल्या नुसतं म्हणाले, "लाइट लाव." आणि लाइट लागली! ना कोणी उठलं, ना कोणी बटण दाबलं. मी तोंडातला चिवडा चावायचा विसरलो. भिंतीवर काळ्या काचेची चकचकीत पट्टी. बोट टेकवलं तरी चालते, मोबाइलवरून चालते, तोंडानं सांगितलं तरी चालते.

"तुमच्याकडंबी असनच असं, इवाईबुवा?" त्यांनी सहज विचारलं.

नाही म्हणायला काय झालं होतं मला? पण मुलीचा बाप ना मी. म्हणालो, "हाय ना! रविवारी साक्षगंधाचं ठरवाले येता, तवा पाहान." साक्षगंध म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा.

घरी आल्यावर माझी बायको मंगला म्हणाली, "बटनाचं सोडा. ते विचारतीन, पोरीचा काका कुठी हाय, तवा काय सांगसान?"

नेमकं दुखऱ्या जागी बोट. काका, म्हणजे माझा धाकटा भाऊ गजू, लांब नव्हता. मधे फक्त एक भिंत होती. वडिलांच्या घराची वाटणी झाली तेव्हा मोठ्या बैठकीच्या मधोमध ती घातली. भिंतीनं कोणाची जागा जास्त खायची यावरून इतकं वाजलं, की शेवटी जमेल तितकी पातळ घातली. भिंत पातळ, पण अबोला चांगला जाड. तिकडे गजू शिंकला तर इकडे ऐकू यायचं, पण बरं नाही का, असं विचारायची सोय नव्हती. मी मोठा, मी कशाला जाऊ? तो म्हणे, दादानं बोलवावं. आणि मीनलनं सांगून टाकलं होतं, "काका नसन तं मी साक्षगंधाले बसतच नाई."

मी म्हटलं, आधी बटण, मग काका. अवघड काम टाळायचं असलं की माणूस सोप्या कामाला फार मनापासून लागतो बघा.

बैठकीतल्या त्याच पातळ भिंतीवरच्या जुन्या बोर्डाची लांबी-रुंदी नीट मोजून तशी पट्टी ऑनलाइन मागवली. ती आली शनिवारी. नेहमीचा वायरमन लग्नाला परतवाड्याला गेलेला. रविवारी सकाळी लाइन दुरुस्तीसाठी बंद होती, म्हटलं बरंच झालं, झटक्याची भीती नाही. बोर्ड खोलला. पट्टीचं तोंड अगदी बरोबर, पण मागे हे एवढं पोट! भिंतीतली लोखंडी डबी उथळ, पट्टी दोन बोटं बाहेर. मी तोंड मोजलं होतं, पोट मोजायचं राहिलं होतं.

व्याही तर अकोल्याहून निघाले होते. मी डबी उपटली आणि छन्नी-हातोडी घेतली.

"अवो, भिंत फुटन."

"मंगला, मी विज्ञान शिकवतो."

"पोरांईले शिकवता. भिंतीले नाई."

ठोकता ठोकता छन्नी एकदम सुळकन आत गेली. पलीकडे काहीतरी खळ्कन पडलं. गजूच्या बायकोचा आवाज आला, "काय ठोकून राहिले वो दादा एवढं?" आणि गजूचं उत्तर, "मले काय मालूम? आपन बोलतो काय त्याईच्याशी?"

आता सांगा, त्यानं तेव्हा येऊन विचारलं असतं तर हा किस्सा घडला असता का? पण अबोला म्हणजे अबोला.

पट्टीला आणखी एक वायर लागते, असं सोबतच्या कागदावर होतं. आमच्या डबीत ती नव्हती. भोकातून मात्र वायरींचा झुपकाच डोकावत होता. भिंत आमची, म्हणजे तिच्यातल्या वायरी आमच्याच! सगळ्या जोडून टाकल्या. पट्टी अशी फिट्ट बसली की मीच लांबून दोनदा पाहून आलो.

दुपारी व्याही आले. खिडकीत कूलर, त्यामुळे बैठकीत अंधार. इतक्यात फ्रिज गुरगुरला, लाइन आली. मी घसा खाकरून म्हणालो, "लाइट लाव."

काही नाही. मोबाइल काढून बटण दाबलं. काही नाही. मग घाम पुसत मोबाइलवरची सगळी बटणं दाबत सुटलो. आणि भिंतीपलीकडून गजूचा आवाज आला.

"अबे, आमचा पंखा कावून बंद झाला? ... हा, झाला चालू. ... पुन्हा बंद!"

पुढच्याच मिनिटाला दार ढकलून बनियन-टॉवेलवर गजू आत. वाटणीनंतर पहिल्यांदाच. माझ्या हातातल्या मोबाइलकडे बघत म्हणाला,

"दादा, आमचा पंखा तुमच्या मोबाइलवर चालून राहिला काय?"

व्याह्यांनी विचारलं, "हे कोन?"

मंगला माझ्याकडे बघत होती. मीनल बघत होती. मी मोबाइल खाली ठेवला.

"हा माहा भाऊ. पोरीचा काका," मी म्हणालो. "गजू, बस."

गजूनं पट्टीखाली सांडलेला विटेचा चुरा पाहिला, मीनलकडे पाहिलं, मग स्वतःच्या बनियनकडे. "शर्ट घालून येतो," म्हणाला. घरी जाऊन त्यानं माझ्या भोकाच्या नेमक्या पलीकडे असलेल्या आपल्या बोर्डावरचं बटण दाबलं, आणि आमच्या बैठकीतली लाइट लागली!

व्याही खदखदून हसले. "इवाईबुवा, आमच्या बटनानं निस्ती लाइट लागते. तुमच्या बटनानं मानूस येते."

मी मान हलवली, जणू सगळं आधीच ठरवलं होतं. त्या दिवशी माझ्याएवढा खूश माणूस अख्ख्या अमरावतीत नव्हता. साक्षगंधाला काका मीनलच्या शेजारी बसला, आणि जेवणावळीत सगळ्यात जास्त आवाज त्याचाच.

वायरी सुट्या करायला वायरमन उद्या येणार आहे. बरेच दिवस झाले, तो उद्याच येणार आहे, आणि आम्ही भाऊही घाई करत नाही. तोवर मीही सोफ्यावर बसल्या बसल्या म्हणतो, "गजू, लाइट लाव." लाइट लागते. अकोल्याचं यंत्र मुकाट्यानं ऐकतं, आमचं तेवढं भिंतीतून उत्तर देतं:

"लावतो, दादा. पन शाळेत विजेचा धडा आला का शिकवाले मले बोलावजा."