इंदूच्या डब्यात काय होतं?

मागच्या महिन्यात, बुधवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी इंदू डॉक्टरांशी खोटं बोलली.

आणि मी शेजारच्या खुर्चीत गप्प बसले.

"दुसरं काही औषध घेता का?"

"नाही हो."

तिच्या मते ते खोटं नव्हतंच. झाडपाला म्हणजे औषध थोडंच!

इंदू माझी कॉन्व्हेंटमधली मैत्रीण. पहिलीपासून एका बाकावर.

गुडघ्यांनी तिला घरी बसवलं होतं. मग कुणीतरी बाजारातल्या एका चूर्णवाल्याचा नंबर दिला.

आठ दिवसांत बाई मिरकरवाड्याच्या मासळी जेटीवर! बांगड्यांवरून कोळणीशी हुज्जत घालताना मी तिला पकडलं.

"आठ दिवसांत कसं काय गं?"

"तुला कुणाचं बरं झालेलं बघवतच नाही, इन्स्पेक्टर."

नाहीच बघवत. इतक्या पटकन बरं करणाऱ्या गोष्टीचा मला संशयच येतो.

पुढे तिचा चेहरा गोल दिसायला लागला. बायका म्हणाल्या, तब्येत सुधारली. मी चूर्णाचा डबा उलटसुलट करून पाहिला. 'शंभर टक्के नैसर्गिक.' आत काय आहे, याबद्दल एक अक्षर नाही.

माझ्या कुंपणाची कण्हेरही शंभर टक्के नैसर्गिक आहे. घ्या, खा.

मग चूर्णवाल्याकडचा माल संपला. चार दिवसांत इंदू अंथरुणातून उठेना. उलट्या, चक्कर, प्रेशर खाली. रिक्षात घालून मी तिला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी तो प्रश्न विचारला तेव्हा तिने माझा हात दाबला. सांगू नकोस, ओरडतील.

जन्मभर सगळ्यांच्या चुका काढणारी मी, नेमकी तेव्हा मैत्रीण झाले.

दुसऱ्या दिवशी राहवेना, म्हणून डबा घेऊन धावले. डॉक्टर म्हणाले, "यात बहुतेक स्टेरॉइड मिसळलंय. शरीराला सवय लागते. एकदम थांबलं की माणूस कोसळतो. काल का नाही सांगितलंत?"

त्याच दुपारी इंदू गेली. आज महिना झाला.

चूर्णवाल्याला जाऊन विचारलं. "खानदानी फॉर्म्युला आहे मॅडम, असा कसा सांगणार?"

त्याच संध्याकाळी फेसबुकवर इंदूच्या फोटोखाली त्याचे जोडलेले हात. इमोजी!

आमच्या आळीत अजून तीन घरांत तो डबा आहे. त्या तिघींना सांगते, घाबरून चूर्ण एकदम बंद करू नका. डबा घेऊन आजच डॉक्टरांकडे जा आणि सगळं सांगा. ओरडले तर ओरडू देत.

तळाशी उरलेलं चमचाभर चूर्ण मी सरकारी तपासणीला दिलंय.

इंदू, तुला मनापासून निरोप. माझी चूक मी इथे, सगळ्यांसमोर लिहून दिली आहे.

चूर्णवाले, आता तुम्ही लिहा. डब्यात काय घालता, किती घालता, कागदावर, खाली सही करून. येत्या सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत.